शर्यतीसाठी जुनी फटफटी

फटफटी हा शब्द आता आपल्या घरात कोणी वापरत नाही. नातवंडं तिला 'ओफनोआ' म्हणतात, मुलं 'बाईक' म्हणतात, आणि आम्ही म्हाताऱ्यांनी 'मोटारसायकल' म्हटलं तरी पोरं हसतात. पण ज्यांनी भायखळ्याच्या किंवा ठाण्याच्या रस्त्यावर बुलेटचा तो धप् धप् आवाज ऐकला आहे, म्हैसूरला तयार होणाऱ्या जावावर मागे बसून कधी फेरफटका मारला आहे, त्यांना फटफटी म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. या वेळी आम्ही अशाच एका फटफटीविषयी लिहिणार आहोत. ती नवी नव्हती, आणि बाजारहाटाला जाण्यासाठीही नव्हती. ती शर्यतीसाठी हवी होती.

दुबईला आपल्यापैकी पुष्कळ जण जाऊन आले. सप्टेंबर २०२० मध्ये करार झाला, त्याच वर्षी नोव्हेंबरात तेल अवीव ते दुबई नेहमीची विमाने सुरू झाली, आणि मग काय, ज्याला त्याला तो उंच मनोरा बघायचा होता. आम्हीही पाहिला. पण २०२२ च्या ऑक्टोबरात आम्ही दोघे गेलो ते मनोऱ्यासाठी नव्हे, हमरियासाठी. हे नाव सहलीच्या माहितीपत्रकात सापडणार नाही. दुबईहून उत्तरेला निघाले की शारजा लागते, मग अजमान, आणि अजमानच्या पुढे समुद्रकाठी हमरिया. गंमत अशी की हा तुकडा पुन्हा शारजाच्याच राज्यातला. त्याच्यापुढे उम्म अल क्वैन. तिथे १९९५ साली शारजाच्या राज्यकर्त्यांनी फ्री झोन वसवला. त्याला स्वतःचे बंदर आहे, पाणी १४ मीटर खोल. आत गेलात तर लोखंडी सांगाडे, पाइपांचे डोंगर, क्रेना, दुरुस्तीला आलेल्या बोटी आणि रंगाचा वास. मराठी बोलणारे वेल्डर, फिटर, स्टोअरकीपर जागोजागी भेटतात.

फ्री झोन म्हणजे काय, असे आमच्या शेजारणीने विचारले होते. मुंबईचा जकात नाका आठवतो ना? २०१७ साली जीएसटी आला आणि तो नाका गेला, पण तेव्हा मुलुंडला ट्रकांची रांग लागायची. फ्री झोन म्हणजे नाक्याच्या अलीकडची जागा समजा. परदेशातून माल आला, आत पडून राहिला, इथूनच दुसऱ्या देशात गेला, तर आयातकर नाही. पण फाटकाबाहेर, म्हणजे देशात, न्यायचा झाला तर सर्वसाधारण मालावर ५ टक्के सीमाशुल्क, आणि १ जानेवारी २०१८ पासून ५ टक्के व्हॅट. त्या भागात अमेरिकेहून, जपानहून जुनी वाहने जहाजाने येतात आणि पुढे आफ्रिकेकडे वगैरे जातात. त्यात मोटारींच्या गर्दीत एखादी मोटारसायकलही असते. अशीच एक आमच्या भाच्याच्या डोळ्यांत भरली.

भाचा म्हणजे आमच्या अक्काचा मुलगा, ठाण्याचा. हमरियात एका यार्डात तो वेल्डिंगची तपासणी करतो. दुसऱ्याने केलेला जोड पक्का आहे की आत भेग आहे, हे बघून सही करायची, असे त्याचे काम. वय एकतीस, लग्न व्हायचे आहे, घरी पैसे वेळेवर पाठवतो, व्यसन काही नाही. व्यसन एकच, हे. दोन हिवाळे तो दुबईच्या ऑटोड्रोममध्ये नुसता कठड्याशी उभा राहून शर्यती बघत होता, आणि आता त्याला स्वतः उतरायचे होते. अक्काने ठाण्याहून आम्हाला फोन केला. "तुम्ही जाताच आहात, तर त्याला समजावा. नाहीच समजला तर निदान ती गाडी तरी बघून घ्या." म्हणजे काम दोन्हीकडचे!

आता शर्यतीचा नाद नवा आहे असे कोणी म्हणू नये. अलिबागकडच्या मंडळींना विचारा, ओहोटीच्या वेळी ओल्या वाळूवर बैलगाड्यांच्या शर्यती लागायच्या तेव्हा घरातली कामं टाकून कोण कोण धावत जायचं. त्यावर २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी आणली, डिसेंबर २०२१ मध्ये अटी घालून परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये महाराष्ट्राचा कायदा उचलून धरला. मोटारसायकलींचेही तसेच. मद्रासजवळ सोलावरमला महायुद्धाच्या काळातली एक धावपट्टी होती. तिच्यावर १९५० च्या दशकापासून शर्यती होत. श्रीमंतांच्या मोटारी असत, आणि त्यांच्या बरोबरीने साध्या नोकरदार पोरांच्या घरी खोलून बसवलेल्या जावा, येझदीही असत. पुढे १९८० च्या दशकात राजदूत ३५० आणि आरएक्स १०० आल्या, त्याही तशाच खोलल्या गेल्या. १९९० मध्ये इरुंगाट्टुकोट्टईला पक्का ट्रॅक झाला. हौशी माणसाने जुनी गाडी घेऊन शर्यतीत उतरावे, ही चाल अशी आपल्याकडचीच.

भाच्याने आम्हाला पहिल्याच संध्याकाळी एक गोष्ट स्पष्ट सांगितली. "मामा, रस्त्यावर पळवायची नाही म्हणूनच तर ट्रॅकवर जायचंय." हे आम्हाला पटले. तिथल्या रस्त्यांवर २०१७ साली लागू झालेल्या नियमांत वेगमर्यादेपेक्षा ताशी ८० किलोमीटरहून जास्त वेगाने गेल्यास ३,००० दिरहम दंड, परवान्यावर २३ काळे गुण आणि ६० दिवस वाहन जप्त, अशी तरतूद आली. २४ गुण झाले की परवानाच जातो. पण दंडाचे सोडा. रस्त्यावर समोरून ट्रक येतो, विजेचा खांब असतो, कधी वाळू पसरलेली असते. ट्रॅकवर सगळे एकाच दिशेने जातात, वळणाच्या बाहेर मोकळी जागा असते, रुग्णवाहिका उभी असते. पडणे दोन्हीकडे आहे. पडल्यावर काय लागते, यात फरक आहे.

बाळांनो, आता थोडे यंत्राविषयी, मग आजोबांना परीक्षा घेऊ द्या. आजोबांच्या काळातल्या ३५० सीसी बुलेटची ताकद साधारण १८ अश्वशक्ती. भाच्याला आवडलेली जपानी ६०० सीसीची गाडी साधारण १२० अश्वशक्तीची, आणि वजन मात्र बुलेटपेक्षा फारसे जास्त नाही! हे कसे जमते? बुलेटमध्ये एकच मोठा सिलिंडर सावकाश धपधपतो. हिच्यात चार छोटे सिलिंडर असतात, आणि ते मिनिटाला पंधरा-सोळा हजार फेऱ्यांपर्यंत फिरतात. मिक्सरची आठवण करा, तसा आवाज. यात एक मजेदार गोष्ट घडली होती. २००६ साली यामाहाने आर-सिक्स या गाडीची जाहिरात केली की इंजिन १७,५०० फेऱ्यांपर्यंत जाते. नंतर उघड झाले की काटाच जास्त दाखवत होता, इंजिन प्रत्यक्षात हजाराहून अधिक फेऱ्या आधीच थांबत होते. कंपनीने ते कबूल केले आणि ज्यांना नको असेल त्यांची गाडी परत घेण्याची तयारी दाखवली. नव्या गाडीच्या काट्याचे हे, मग जुन्या गाडीच्या किलोमीटरच्या आकड्याचे काय घेऊन बसलात?

शुक्रवारी सकाळी आम्ही गाडी बघायला गेलो. फाटकावर पास काढावा लागतो. बरोबर भाच्याचा मित्र होता, कोल्हापूरचा फिटर, हाताने काळा आणि तोंडाने गोड. त्याने निघतानाच भाच्याला बजावले होते, "त्याला फोन करून सांग, आम्ही येईस्तोवर इंजिन चालू करायचं नाय. गरम इंजिन कुणाचंबी गप चालतंय." आम्ही पोचलो तेव्हा त्याने पहिल्यांदा काय केले असेल तर इंजिनाला तळहात लावला. गारच होते. विकणारा गृहस्थ सभ्य होता, आम्हाला चहा दिला, गाडीवरचे कापड स्वतः काढले.

काय दिसत होती म्हणून सांगू! लाल-पांढरी, चकचकीत, एक ओरखडा नाही. आमच्या हिने तिथेच म्हटले, "नवीच की!" फिटर हसला. "काकू, चौदा वर्षांच्या गाडीला एक पण चरा नसंल तर आधी इचारायचं, का नाय?"

आपल्याकडे मडके वाजवून घेतात. घाण्याला बैल घ्यायचा तर आमचे आजोबा आधी दात बघत, मग त्याला दहा पावले चालवत, आणि खांद्याला घट्टा एकाच बाजूला आहे का ते हाताने चाचपत. या दोघांनी तेच केले, फक्त बैल लोखंडाचा होता.

पहिल्यांदा चौकटीवरचा नंबर. विकणारा म्हणाला होता, २०१० चे मॉडेल. अमेरिकेहून आलेल्या गाडीच्या सतरा अक्षरी नंबरातले दहावे अक्षर वर्ष सांगते. २००१ ते २००९ साठी १ ते ९ आकडे, २०१० साठी 'ए'. इथे दहाव्या जागी ८ होता. गाडी २००८ ची. गृहस्थ म्हणाला, कागदावर चूक असेल. असेलही. मग टायर. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. इथे ३११४ होते, म्हणजे २०१४ च्या एकतिसाव्या आठवड्यातले रबर. नक्षी छान खोल, पण नखाने दाबले तर दबेना. आखातातल्या उन्हाने रबर लाकडासारखे होते. असे टायर दिसायला नवे असतात आणि पहिल्याच वळणावर सोडून देतात. पुढच्या दांड्यांवर बोट फिरवले, तेलाचा ओघळ नव्हता, ठीक. ब्रेकच्या चकतीवर कमीत कमी जाडी किती हवी ते कोरलेले असते, तेही मोजले, ठीक. साखळी मागच्या चक्राच्या मध्यावर धरून ओढली तर दातांपासून उचलली गेली, म्हणजे ती बदलायची. हे सगळे खर्चाचे, पण बदलण्यासारखे.

मग फिटरने हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूहळू फिरवले आणि भाच्याला हाक मारली. दोघे वाकून बघत राहिले. हँडल दोन्हीकडे किती वळावे याला अडथळा म्हणून चौकटीच्या मानेपाशी दोन छोटे गट्टू असतात. गाडी जोरात आपटली की हँडल तिथे आदळते आणि तो गट्टू चेपतो नाहीतर तुटतो. वरची प्लास्टिकची झूल बदलता येते, टाकी रंगवता येते. हा गट्टू सहसा कोणाला आठवत नाही.

इथे आठवला होता. उजवीकडचा गट्टू पुन्हा जोडून, घासून, वर काळा रंग मारलेला होता. आम्हाला दाखवला तरी आम्हाला काही दिसेना. भाचा मात्र गप्प झाला. "मामा, हे कारखान्यातलं वेल्डिंग नाही," एवढेच म्हणाला आणि गृहस्थाला विचारले, रंग थोडा घासून बघू का? गृहस्थाने खांदे उडवले.

पिशवीत त्याचे रोजचे सामान होते, तीन डबे. यार्डात पाइपाचा जोड तपासतात तेच. रंग घासून जागा स्वच्छ पुसली, त्यावर लाल औषध फवारले, आणि दहा मिनिटे आम्ही चहा पीत बसलो. मग लाल सगळे पुसून काढले आणि वर पांढरी भुकटी फवारली. भेग असेल तर तिच्यात मुरलेला लाल रंग पांढऱ्यावर वर येतो. आमच्या डोळ्यांदेखत त्या पांढऱ्यावर एक लाल रेघ उमटली, केसासारखी. जोडापासून निघून मानेच्या दिशेने, साधारण करंगळीच्या पेराएवढी. आमच्या हिने माझा हात धरला. ताशी दोनशेच्या वर जाणाऱ्या गाडीचे पुढचे चाक ज्या मानेवर टेकलेले असते, त्या मानेवर ती रेघ होती.

फिटरला तरी ती चालवून बघायचीच होती, यार्डाच्या आतल्या आत, हळू. दुसऱ्या गिअरमध्ये जोर दिला की गिअर सटकून मोकळा होत होता. पुढचे चाक उचलून मिरवणाऱ्यांच्या गाड्यांचा हा नेहमीचा रोग, दुसऱ्या गिअरचे दात गोल होतात. तो दुरुस्त करायचा तर इंजिन पूर्ण उघडावे लागते. पण आता त्याला काही अर्थ उरला नव्हता. गृहस्थाने किंमत लगेच एक तृतीयांशाने उतरवली. भाच्याने नम्रपणे सलाम केला आणि आम्ही निघालो. आमचे मत विचाराल तर त्या गृहस्थाला ती भेग ठाऊक नसावी. त्याने गाडी जशी आली तशी विकायला ठेवली होती. पण म्हणूनच बघणाऱ्याने बघायचे.

परतताना गाडीत कोणी बोलेना. आम्हाला वाटले, चला, नाद सुटला. अक्काला फोन करून सांगावे. तर भाचा म्हणतो, "मामी, सहाशे मला झेपणारच नव्हती. मी ती दिसण्यावर गेलो." आणि मग त्याने वहीतले पान दाखवले. हे पान आम्हाला आधी दाखवले असते तर आमचा निम्मा जीव तरी खाली पडला असता!

त्यात गाडीची किंमत सर्वांत शेवटी लिहिली होती. वर होते चामड्याचा एकसंध पोशाख, पाठीचे कवच, बूट, हातमोजे. पोशाख जुना चालतो, शिवण तपासून घ्यायचा. हेल्मेट मात्र नवेच, कारण एकदा आपटलेल्या हेल्मेटचे आतले अस्तर चेपलेले असते आणि ते बाहेरून कळत नाही. त्याखाली ट्रॅकची फी, शिकवणीचे दोन दिवस, टायरची जोडी, गाडी ट्रॅकवर नेण्यासाठी भाड्याची पिकअप. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात ते हेच, पण इथे मसाल्यावरच जीव अवलंबून. आमच्या मते ज्याला मसाल्याचे पैसे जमवता आलेले नाहीत त्याने कोंबडी बघायलाही जाऊ नये.

पानाच्या तळाशी त्याने आणखी एक हिशेब मांडला होता, तो पैशांचा नव्हता. पडले तर बहुधा गळ्याचे हाड मोडते, हंसळी म्हणतो ते. दीड-दोन महिने काम बंद. तिथल्या २०२१ च्या कामगार कायद्यात आजारपणाची रजा वर्षाला ९० दिवस आहे, त्यात पहिले १५ दिवस पूर्ण पगार, पुढचे ३० दिवस अर्धा, बाकी बिनपगारी. मोटारसायकलचा नेहमीचा विमा शर्यतीतले नुकसान देत नाही, आणि आरोग्यविम्यातही असे खेळ पुष्कळदा वगळलेले असतात, ती कलमे आधी वाचावी लागतात. म्हणून त्याने तीन महिन्यांचे घरी पाठवायचे पैसे बाजूला काढून ठेवले होते. "आईला कळणारसुद्धा नाही," म्हणाला. आम्ही म्हटले, तिला कळलेच पाहिजे. त्याच रात्री त्याच्याकडूनच फोन करवला. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग अक्का म्हणाली, "गाडी कोणाबरोबर बघायला जाणार आहेस ते सांग. कोल्हापूरचा तो मुलगा येणार असेल तर जा."

पंधरा दिवसांनी गाडी मिळाली. आम्ही तोवर परत आलो होतो, पण फोटो आले, फोन झाले. देश सोडून चाललेल्या एका नोकरदाराची, २०१६ ची, केटीएम आरसी ३९०. नाव ऑस्ट्रियाचे, पण गाडी बनते आपल्या पुण्याजवळ, चाकणला, बजाजच्या कारखान्यात! बजाजने २००७ मध्ये त्या कंपनीत भाग घेतला, आणि २०१४ पासून चाकणहून ही आरसी ३९० जगभर जाऊ लागली. एकच सिलिंडर, ३७३ सीसी, त्रेचाळीसच्या आसपास अश्वशक्ती. सहाशेच्या निम्मीही नाही. पण शिकणाऱ्याला तीच बरी. जर्मनीत आणि अमेरिकेत याच गाडीवर कोवळ्या मुलांच्या शर्यती झाल्या, सगळ्यांना एकसारखी गाडी, मग ज्याचे कसब जास्त तो पुढे. या लहान गाड्यांची जागतिक स्पर्धा २०१७ मध्ये सुरू झाली, आणि २०१८ मध्ये ती आना कारास्को या स्पॅनिश मुलीने सगळ्या मुलग्यांना मागे टाकून जिंकली. तिची गाडी मात्र कावासाकी होती. आमच्या नातीला हे सांगितले तेव्हापासून तिने भिंतीवर तिचे चित्र लावले आहे, आणि सुनेने आमच्याशी बोलणे कमी केले आहे.

ही गाडी फ्री झोनमधली नव्हती, शारजात नोंदलेली होती, त्यामुळे कागदपत्रांचा रस्ता सरळ होता. नोंदणीचे कार्ड, त्याला तिथे मुल्किया म्हणतात, ते विकणाऱ्याच्या नावाचे आहे का, नंबर जुळतो का, बँकेचे कर्ज उरले आहे का, दंड थकले आहेत का. थकबाकी भरल्याशिवाय नाव बदलत नाही. तपासणी, विमा, मग नवे कार्ड. फ्री झोनमधली गाडी घेतली असती तर शुल्क भरून बाहेर काढावी लागली असती, आणि एवढ्या जुन्या गाडीला रस्त्याची नोंदणी मिळेल की नाही हे आधी लेखी विचारावे लागले असते. आणखी एक. भारतात तीन वर्षांहून जुने वाहन आयात करू देत नाहीत. म्हणजे नोकरी संपली की ती ठाण्याला नेता येणार नाही, तिथेच कोणाला तरी द्यायची. म्हणून भाच्याने रस्त्याच्या गाडीचे सगळे दिवे, आरसे, मूळ झूल काढून नावनिशी खोक्यांत बांधून ठेवले. विकताना पुन्हा लावता येतील.

शर्यतीची तयारी म्हणजे मुख्यतः काढून टाकणे. काच फुटून ट्रॅकवर पडू नये म्हणून दिवे काढायचे. तेल सोडण्याचा बोल्ट थरथरीने सुटू नये म्हणून त्याला भोक पाडून तार बांधायची. इंजिनाखाली एक तबकासारखी झूल लावायची, तेल गळलेच तर तिच्यात साठावे. रेडिएटरमधले हिरवे पाणी काढून साधे पाणी भरायचे, कारण ते हिरवे द्रव्य रस्त्यावर सांडले की साबणासारखे होते आणि मागून येणारा घसरतो. स्वतःपेक्षा मागच्याची काळजी जास्त, हे आम्हाला फार आवडले. तारा सगळ्या कोल्हापूरच्या पाहुण्याने बांधल्या. पैसे घेतले नाहीत, बिर्याणी घेतली.

तिथे हा खेळ हिवाळ्यातला, साधारण ऑक्टोबर ते एप्रिल. उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो, चामड्याचा पोशाख घालून कोण उतरणार? ऑटोड्रोम २००४ साली झाले, पूर्ण फेरी ५.३९ किलोमीटरची. हमरियाहून रहदारी नसेल तर तासाभराचा रस्ता. नव्या माणसाला लगेच शर्यतीत घेत नाहीत. आधी सरावाचे दिवस, पंधरा-वीस मिनिटांच्या पाळ्या, शिकाऊ, मधले आणि तयार असे वेगळे गट. झेंड्यांचे रंग शिकवतात, कोणी कोणाला कुठल्या बाजूने ओलांडायचे ते सांगतात. शर्यतीचा परवाना त्याच्या पुढची पायरी.

नोव्हेंबरच्या शेवटी भाचा उतरला. रात्री फोन आला, आधी अक्काला, मग आम्हाला. पहिल्या पाळीत सगळे त्याच्या पुढे गेले. एक साठीचे गृहस्थ तर दोनदा गेले. दुसऱ्या पाळीत एका वळणावर तो रुंद गेला, मोकळ्या जागेत सरळ थांबला, आणि शांतपणे परत आला. पडला नाही. टायरच्या दोन्ही कडांना दोन-दोन बोटे रबर कोरेच राहिले होते, म्हणजे गाडी अजून पुरती कललीच नव्हती. फिटरने त्या कोऱ्या पट्टीचा फोटो काढून सगळ्या मित्रांना पाठवला. तिसऱ्या पाळीच्या आधी भाच्याने गाडीखाली आडवे होऊन सगळ्या तारा पुन्हा एकदा हाताने ओढून बघितल्या, आणि मानेजवळचा तो गट्टू बघितला. दोन्ही जागच्या जागी होते. चौथी पाळी त्याने घेतली नाही, हात दमले होते. फी भरलेली होती तरी नाही घेतली. पुढची तारीख डिसेंबरातली मिळाली आहे, असे म्हणाला, आणि तोवर साखळीला तेल घालायचे आहे.